घरचा फळा

अर्जुनी मोरगांवाहून एका मातेचें पत्र आम्हांस आलें आहे. कन्या पदवीच्या पहिल्या वर्षास आहे. सापेक्षतावाद व पुंजयामिकी घरीं बसून शिकावी अशी तिची उत्कट इच्छा. मोठाले ग्रंथ उघडते, पण दहा पानांपुढें गाडें सरकत नाहीं आणि बिचारी रडकुंडीस येते. ‘हें तिच्या आवाक्याबाहेरचें आहे काय?’ असें माता विचारतात.

आमच्या मतें दोष आवाक्याचा नसून क्रमाचा आहे. त्या भातशेतीच्या मुलखांत पऱ्हे तयार झाल्यावांचून रोवणीस कोणी हात घालीत नाहीं. रशियन पंडित लांदाऊ यांच्या प्रसिद्ध परीक्षामालेंतही पहिली परीक्षा गणिताचीच असे. ती संपूर्ण माला अवघे ४३ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. म्हणून आधीं कलनशास्त्र, सदिश, रेषीय बीजगणित व विकलक समीकरणें. मग न्यूटनपासून हॅमिल्टनपर्यंतची यामिकी. त्यानंतर विद्युच्चुंबकत्व आणि त्याच्या जोडीनें विशेष सापेक्षता. पुढें पुंजयामिकी व सांख्यिकीय भौतिकी. सामान्य सापेक्षता व क्षेत्रसिद्धांत अगदीं शेवटीं. यास चार-पांच वर्षें लागलीं तरी नवल मानूं नये. फाइनमन यांचीं व्याख्यानें आज संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात, मद्रासच्या आय. आय. टी.मधील प्रा. बालकृष्णन यांचींही तशींच ऐकतां येतात. ग्रंथालय दूर असल्याची अडचण आतां पूर्वीइतकी राहिली नाहीं.

परंतु वाचलें म्हणजे आलें, असें नव्हे. जयंत नारळीकर काशीस शिकत असतां त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार घरच्या फळ्यावर एखादें अवघड गणित लिहून ठेवीत. तें सुटेपर्यंत, किंवा भाचा हार मानीपर्यंत, तसेंच राही. पुढें केंब्रिजमध्येंही नारळीकरांनीं आधीं गणिताची पदवी घेतली आणि मग १९६४ सालीं हॉईल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला.

मातेस भौतिकी येत नाहीं म्हणून तिनें खंत करूं नये. भिंतीवर एक फळा टांगावा. रात्रीं पुस्तक मिटून मुलीनें त्या दिवसाचें एक समीकरण पहिल्या पायरीपासून त्यावर सिद्ध करावें व त्याचा अर्थ साध्या शब्दांत आईस सांगावा. जेथें अडेल तेथें पुसूं नये. दुसरे दिवशीं तेथूनच आरंभ करावा. आठवड्यांतून एकदां तें महाविद्यालयांतील अध्यापकांस दाखवावें, कारण आपली चूक आपणांस क्वचितच दिसते.

आणि संध्याकाळचे दोन तास तिला घरकामांतून मोकळे द्यावे. एका पानावर आठवडा गेला तर तो वायां गेला, असें मात्र घरांत कोणीं म्हणूं नये.