आतला पाऊस, बाहेरचा पाऊस

दिवाळी उरकली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. "मुलगी लीड्सजवळ राहते, डिसेंबरात तिच्याकडे येतोय. सुट्टीच्या दिवशी ही मंडळी डोंगरात, शेताशेतांतून फिरायला नेणार म्हणतात. कोट कुठला आणू?" अशी विचारणा दर हिवाळ्यात होते. उत्तर दोन ओळींत मावणारं नाही, आणि चुकीच्या कोटापायी चांगली सहल हाल होऊन संपते. म्हणून आजचं सदर या एका प्रश्नासाठी.

आधी इथली थंडी समजून घ्या. उत्तर इंग्लंडमध्ये पायी हिंडणाऱ्याला बर्फाचं फारसं भय नसतं. कोरडा बर्फ झटकला की पडतो. भय असतं ते दोन ते पाच अंशांतल्या पावसाचं आणि त्याच्या जोडीनं येणाऱ्या वाऱ्याचं. भर आषाढात नाणेघाटात आपण चिंब भिजून दिवसभर हिंडतो, वर गरम भजी खातो आणि काही होत नाही, कारण तिथली हवाच वीस अंशांच्या पुढे असते. लेक डिस्ट्रिक्टमधलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वांत पावसाळी वस्तीचं ठिकाण. तिथे वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरात याहून कितीतरी जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत येऊन जातो. सीथवेटचा पाऊस बारमाही आहे आणि त्याचा मोठा वाटा नेमका थंडीत पडतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं. पाच अंशांत अंगावरचा सुती शर्ट भिजला आणि वारा सुटला, तर धडधाकट माणसालाही तासाभरात हुडहुडी भरते, बोटांना चेन ओढता येत नाही, बोलणं अडखळायला लागतं. ही गंभीर गोष्ट आहे आणि ती बर्फाळ शिखरावरच घडते असं नाही. गावापासून दोन मैलांवरच्या कुरणातही ती घडते.

म्हणून सगळे जाड कोट शोधतात. माझं सांगणं त्याच्या उलट आहे. पायी फिरायचं असेल तर ऊब आणि पाणी अडवणं ही दोन कामं दोन वेगळ्या कपड्यांना द्या. वरचा कोट पातळ, बिनअस्तराचा, पूर्ण वॉटरप्रूफ घ्या. ऊब आत घाला, थराथरांनी.

कारण चालणाऱ्यावर पाऊस दोन बाजूंनी पडतो. एक आकाशातून, दुसरा स्वतःच्या अंगातून. जोराच्या चढावर तासाला अर्धा लिटर घाम सहज जातो, थंडीतही. कापसासारखं भरण असलेला जाड वॉटरप्रूफ कोट बसथांब्यावर उभं राहायला उत्तम. तोच घालून टेकडी चढा, पंधरा मिनिटांत आत दमट भट्टी तयार होते. मग तुम्ही चेन उघडता, पाऊस आत येतो. माथ्यावर पोहोचून थांबता तेव्हा आतला घाम गार पडलेला असतो. एकच जाड कपडा असला की कमी करायला काही उरत नाही: एक तर घाला, नाही तर काढा.

वॉटरप्रूफ कपड्याचा दोनशे वर्षांचा इतिहास या एकाच पेचाभोवती फिरतो. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं 1823 साली कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवलं, ते दोन कापडांच्या मध्ये चिकटवलं आणि पेटंट घेतलं. बाहेरचं पाणी थांबलं, घामही आतच थांबला. समुद्रावरचे लोक शिडाच्या कापडाला तेल चोपडून अंगावर घेत. त्यातून पुढे पॅराफिनचं मेण दिलेलं सुती कापड आलं. साउथ शील्ड्स बंदरात 1894 साली सुरू झालेल्या बार्बर कंपनीचे हिरवट-तपकिरी कोट त्याच जातीचे. दुसऱ्या महायुद्धात मॅंचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटनं व्हेंटाइल नावाचं कापड तयार केलं. त्यात मेण नाही, रबर नाही, फक्त लांब धाग्याचा कापूस अतिशय दाट विणलेला. ओला झाला की धागा फुगतो आणि विणीतली भोकं आपोआप बुजतात. अटलांटिक आणि आर्क्टिकच्या बर्फगार पाण्यात पडणाऱ्या वैमानिकांना आणखी थोडी मिनिटं जगता यावं, यासाठी ते केलेलं होतं. आणि 1969 साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून एक पडदा मिळवला. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाला आत येऊ देत नाहीत, पण घामाची वाफ बाहेर सोडतात. तेच गोरटेक्स. आज दुकानात टांगलेल्या बहुतेक जॅकेटांत असा कुठला तरी पडदा असतो.

दुकानातल्या आकड्यांविषयी थोडं. 10,000 किंवा 20,000 मिलीमीटर असं लेबलवर लिहिलेलं असतं. कापडावर एवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी थेंब आत येत नाही, असा त्याचा अर्थ. साध्या फिरण्याला दहा हजार पुरे. पाठीवर सॅक असेल तर पट्ट्यांखाली दाब येतो, तिथे वीस हजारांचा फरक जाणवतो. घाम बाहेर सोडण्याचा आकडा मात्र मी बघतच नाही. तो मोजायच्या रीती कंपनीगणिक वेगळ्या, त्यामुळे दोन लेबलांची तुलना फसवी ठरते. त्यापेक्षा काखेखाली चेन आहे का ते बघा. ती उघडली की जेवढी वाफ बाहेर जाते तेवढी कुठल्याही पडद्यातून जात नाही.

आता मेणाच्या कोटाबद्दल, कारण इथलं ग्रामजीवन फोटोत बघून तोच हवासा वाटतो. मलाही तो मनापासून आवडतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरच्या हक्काच्या पायवाटा आहेत. त्या खासगी शेतांतून, काटेरी कुंपणांतल्या फटींतून, ब्रॅम्बलच्या जाळ्यांतून जातात. पातळ नायलॉन अशा काट्याला अडकला की फाटतो. मेणाचं कापड ओरखडा सोसतं, आणि फाटलंच तर ठिगळ लावता येतं. दरवर्षी मेण गरम करून शिवणींत मुरवलं तर कोट वीस-तीस वर्षं टिकतो. पण तो जड असतो, घाम अडवतो आणि दिवसभराच्या मुसळधार पावसात शिवणींपाशी हार मानतो. सपाटीवरच्या गल्ल्यांत कुत्र्याला घेऊन हळूहळू चालणाऱ्यानं तोच घ्यावा. डोंगर चढणाऱ्यानं घेऊ नये.

गेल्या हिवाळ्यात आत्या सांगलीहून आली होती. तिला घेऊन मी स्किप्टनच्या एका दुकानात गेले. तिचं लक्ष गेलं गुडघ्यापर्यंतच्या, फरच्या टोपीच्या गुबगुबीत कोटाकडे. मी हातात दिलेलं जॅकेट तिनं चिमटीत धरलं आणि म्हणाली, "अगं, हे तर पावसाळी छत्रीचं कापड. यात मी काकडून जाईन." मी तिला आपल्या स्वेटरवरूनच ते घालायला लावलं. कोट नेहमी असाच बघायचा: आतले सगळे थर अंगात असताना, एक माप मोठा. दोन्ही हात वर करायला सांगितले. इथे शेताच्या भिंती ओलांडायला दगडी पायऱ्या असतात, तिथे हात वर जातात. बाही मनगटापासून खाली घसरली तर पाणी थेट कोपरापर्यंत ओघळतं. मनगटाची पट्टी आवळून बघितली. मग टोपी. टोपी घालून डावीकडे-उजवीकडे मान वळवायची. टोपी मानेबरोबर वळली तर ठीक. नाही वळली तर डोळ्यांपुढे नुसतं अस्तर येतं, आणि गावाकडच्या वळणावर मागून येणारा ट्रॅक्टर दिसत नाही. पुढची कड ताठ हवी, वाकवता येणारी तार असलेली, म्हणजे चष्म्यावर थेंब येत नाहीत. शेवटी हातमोजे घालून चेन लावायला लावली. आत्यानं हे सगळं मन लावून केलं, आणि दुसरं जॅकेट स्वतःच नाकारलं: "याच्या चेनचं टोक हाताला लागतच नाही गं."

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही, कारण त्याच्यासमोर ती येत नाही. सलवार-कमीज घालणाऱ्या बायकांनी कोटाची लांबी कमीजेच्या हिशेबानं बघावी. जॅकेट कमरेपाशी संपलं आणि सुती कमीज खाली लोंबत राहिली, तर जॅकेटवरून ओघळणारं सगळं पाणी तिच्या काठावर उतरतं आणि वातीतून तेल चढावं तसं पोटापर्यंत वर येतं. वरून तुम्ही कोरड्या, आतून ओल्या. आखूड लोकरी कुर्ता घाला, किंवा मांडीपर्यंत येणारा, खालूनही उघडणाऱ्या चेनचा कोट निवडा.

उबेसाठी आत काय घालायचं? अंगाला लागून पातळ लोकर किंवा पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर. सुती बनियन नको. सुती कापड घाम पिऊन तसंच गार राहतं. पिसांचं हलकं जॅकेट कोरड्या थंडीत अप्रतिम, पण ओल लागली की पिसं गोळा होतात आणि ऊब जाते. ते सॅकेत, माथ्यावर बसताना घालायला. लोकरीला मात्र तोड नाही. ती आपल्या वजनाच्या साधारण तीस टक्के ओल शोषते तरी अंगाला ओली लागत नाही, आणि ओल शोषताना थोडी उष्णताही सोडते. आपल्याकडचा धनगर डोक्यावरून घोंगडीची खोळ घेऊन माळावर पावसात तासन् तास उभा राहतो तो दख्खनी मेंढराच्या याच राठ लोकरीच्या भरवशावर. लेक डिस्ट्रिक्टच्या कड्यांवर चरणारी हर्डविक मेंढरं बघितली की मला त्या लोकरीची आठवण होते. त्यांच्या लोकरीचाही धागा तसाच जाड आणि टोचरा. आईनं विणलेला जुना स्वेटर कपाटात असेल तर तो बॅगेत टाका. पातळ कवचाच्या आत तो महागड्या कपड्याइतकंच काम करतो.

कोट घेतल्यावर बिघडतो तो बहुधा धुण्यामुळे, किंवा न धुण्यामुळे. नव्या जॅकेटवर पाण्याचे मणी होऊन घरंगळतात. हे काम आतल्या पडद्याचं नाही, कापडावरच्या लेपाचं आहे. सॅकच्या पट्ट्यांखाली, मानेपाशी, मनगटाला मळ आणि अंगाचा तेलकटपणा बसला की तिथलं कापड काळपट ओलं दिसायला लागतं. पडदा अजून शाबूत असतो, पण वर पाण्याचा थर साचल्यामुळे वाफ बाहेर पडत नाही, आणि माणसाला वाटतं कोट गळतोय. लोक असे चांगले कोट टाकून देतात याचं मला फार वाईट वाटतं. नेहमीची साबण पावडर आणि कपडे मऊ करणारं औषध अजिबात वापरू नका. अशा कपड्यांसाठी निराळा द्रव साबण मिळतो, त्यानं धुवा. मग लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरच्या मंद आचेवर फिरवा. उष्णतेनं लेप पुन्हा जागा होतो. जुन्या लेपांत फ्लोरिनची रसायनं असत, जी निसर्गात मोडत नाहीत. फ्रान्सनं 2026 पासून कपड्यांत त्यांना बंदी केली आहे, आणि बहुतेक कंपन्या त्यांच्याशिवायच्या लेपांकडे वळल्या आहेत. हा बदल मला मनापासून पटतो. हे नवे लेप तेलकटपणा तेवढा झिडकारत नाहीत, म्हणून असा कोट थोडा लवकर लवकर धुवावा लागतो. तेवढं करायला हवं.

किमती? चांगलं जॅकेट दीडशे ते चारशे पौंडांत मिळतं. सत्तर-ऐंशी पौंडांतही शिवणी आतून टेपनं बंद केलेलं, नीट टोपीचं जॅकेट सापडतं. महिनाभरासाठी येणाऱ्यांना तेवढं पुष्कळ. चॅरिटीच्या दुकानांत जुनी मेणाची जॅकेटं असतात, तीही बघा. नव्यानं मेण दिलं की उभी राहतात. पुण्या-मुंबईहून जाड कोट घेऊन बॅगेतली निम्मी जागा अडवू नका. विमानतळावरून घरापर्यंत स्वेटर आणि शाल पुरते. वरचं कवच इथे येऊन, थरांसकट घालून बघून घ्या. नाताळानंतरच्या सेलमध्ये ते स्वस्त पडतं आणि त्यात मागे उरलेले असतात ते बहुधा नारिंगी आणि पिवळे. तेच घ्या. डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो, गावाकडच्या अरुंद रस्त्यांना फूटपाथ नसतो, आणि झाडाझुडपांच्या रंगाचा कोट घातलेला माणूस गाडीवाल्याला अगदी जवळ आल्यावरच दिसतो.