नाकाची वाट

सोयाबीनची मळणी सुरू झाली की धाराशिव जिल्ह्यात भुशाच्या धुरळ्याने घरोघर शिंका ऐकू येतात. धाराशिव शहरातल्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात पंचकर्मांमधलं नस्य, म्हणजे नाकात औषधी तेल सोडणं, शिकवलं जातं, त्याला इथे गिऱ्हाईक कमी नसावं! आयुर्वेदाचार्य वाग्भटाने अष्टांगहृदय या ग्रंथात नाकाला डोक्याचं दार म्हटलं आणि रोजच्या प्रतिमर्श नस्याला दोनच थेंब पुरेसे मानले. शरीररचनाशास्त्रालाही हे दार ठाऊक आहे. नाकाच्या छताशी चाळणीसारखी भोकं असलेलं पातळ हाड असतं आणि त्यातून वास ओळखणारे तंतू वर मेंदूकडे जातात. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा दूषित पाण्यातून याच वाटेने मेंदू गाठतो. म्हणून नाक पाण्याने धुवायच्या जलनेतीला नळाचं पाणी तसंच घेऊ नये, उकळून गार केलेलं घ्यावं. मात्र नाकात सोडलेलं तेल त्या भोकांतून मेंदूत झिरपतं, हे मला पटत नाही. नाकातून द्यायच्या आधुनिक औषधांची मुख्य भिस्त नाकाच्या अस्तरावर आहे. तिथे रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असल्याने औषध यकृताला वळसा घालून थेट रक्तात उतरतं. नैराश्यावरच्या एस्केटामिनच्या फवाऱ्याला अमेरिकेत २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, ती याच जोरावर. भारत बायोटेकच्या इन्कोव्हॅक या कोविड लशीच्या नाकात घालायच्या थेंबांना २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. त्यांचा रोख अस्तरातल्या प्रतिकारशक्तीवर होता. नस्य घ्यायचंच तर वैद्यांकडून घ्यावं. तान्ह्या बाळाच्या नाकात मात्र तेल नकोच, आजीने कितीही आग्रह धरला तरी. ते फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.