जमीन देशी, विद्यापीठ विदेशी. आमचा विद्यार्थी कुठे?

परदेशी विद्यापीठे आपल्या दारात येत आहेत, टाळ्या वाजवा, असे आम्हाला सांगितले जात आहे. १४ जून २०२५ रोजी मुंबईत मुख्यमंत्री आणि केंद्रीय शिक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत पाच विदेशी संस्थांना विद्यापीठ अनुदान आयोगाची इरादापत्रे देण्यात आली. स्कॉटलंडचे अ‍ॅबर्डीन, इंग्लंडचे यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठ, अमेरिकेची इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइन संस्था. नवी मुंबईत विमानतळाजवळ सिडकोची ‘एज्युसिटी’ उभी राहणार, असे हे स्वप्न आहे. त्या झगमगाटात आमचा सवाल एकच आहे. येथे आरक्षणाचे काय?

उत्तर आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत आहे. प्रवेशाची पद्धत विदेशी विद्यापीठ ठरवणार. शुल्क तेच ठरवणार. प्राध्यापक तेच नेमणार. आरक्षणाचे बंधन कुठेच नाही. गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती ‘देता येईल’ म्हणे. द्यावीच लागेल असे नाही. जानेवारी २०२३ मध्ये मसुदा आला, तेव्हाच आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी प्रवेशातील आरक्षणाशी आयोगाचा संबंध नाही, असे सांगून हात झटकले होते.

आम्ही विदेशी शिक्षणाचे वैरी नाही. ज्यांचा बाप कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकला, ते कसे असतील? पण बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेला गेले ते कुणा श्रीमंत बापाच्या पैशावर नव्हे, बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. राज्याच्या तिजोरीने दार उघडले म्हणून सुभेदार रामजींचा मुलगा आत गेला. आजचे राज्यकर्ते जमीन देतात, मंजुरी देतात आणि दार उघडण्याची वेळ आली की म्हणतात, तो विद्यापीठाचा अंतर्गत मामला आहे!

विदेशी संस्थेला आरक्षण लावायचे कसे, असा शहाजोग प्रश्न विचारला जातो. मग बाकीच्या अटी कशा लावल्या? याच नियमावलीप्रमाणे या विद्यापीठांना राष्ट्रहिताला बाधक अभ्यासक्रम चालवता येत नाही, ऑनलाइन पदव्या विकता येत नाहीत, आयोगाला न विचारता अभ्यासक्रम बंद करता येत नाही. इतके सारे घालता आले, फक्त सामाजिक न्यायाचे कलम लिहिताना लेखणीतली शाई संपली. घटनेच्या कलम १५(५) ने, म्हणजे ९३ व्या घटनादुरुस्तीने, अनुदान न घेणाऱ्या खासगी संस्थांतही कायद्याने राखीव जागा ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. अधिकार आहे, कायदा करायची दानत नाही.

आणि यॉर्कचेच घ्या. इंग्लंडमध्ये वाढीव शुल्क घ्यायचे तर विद्यापीठाला वंचित घटकांतील मुलांसाठी काय करणार, याचा आराखडा तेथील नियामकाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. जे मायदेशी विचारले जाते, ते मुंबईत विचारायला आपल्या सरकारची जीभ का अडखळते?

आमच्या मुलांची खरी कोंडी तर पुढे आहे. आरक्षण मागितले तर विद्यापीठ ‘विदेशी’. विदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मागितली तर वर्ग नवी मुंबईत, म्हणजे ‘देशी’! केंद्राची राष्ट्रीय ओव्हरसीज शिष्यवृत्ती परदेशी जाणाऱ्यांसाठी आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही तशीच. आणि त्या शिष्यवृत्तीचे तरी काय चालले आहे? २०२५ मध्ये केंद्राने १०६ विद्यार्थी निवडले आणि सुरुवातीला पत्रे दिली ४० जणांनाच. बाकीच्यांना निधी मिळाला तर पाहू, असे उत्तर. त्याआधी २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाजाचा अभ्यास या शिष्यवृत्तीवर करायचा नाही, असा नियम घातला. जातीवर परदेशात प्रबंध लिहू नका, हाच त्याचा सरळ अर्थ. (बाबासाहेबांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कला वाचलेला जातीवरचा निबंध आज या नियमात बसला नसता.)

जमिनीचेही बोलू. नवी मुंबई १९७० नंतर शेतकऱ्यांच्या, आगरी-कोळ्यांच्या जमिनींवर वसली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या लढ्यात पाच जण पोलिसांच्या गोळ्यांनी शहीद झाले. अशा जमिनीवर उभ्या राहणाऱ्या वर्गात त्याच गावांतला मुलगा बसणार की फाटकावर पहारा करणार?

म्हणून आमची मागणी सिडको आणि राज्य सरकारकडे आहे. दिल्लीच्या कायद्याची वाट पाहू नका. जमीन तुमची आहे, करारनामा तुम्ही लिहिणार आहात. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसींसाठी किती जागा, त्यांचे शुल्क कोण भरणार आणि दरवर्षी किती जणांना प्रवेश दिला याचा हिशेब कुठे जाहीर होणार, एवढे त्या करारात लिहा. लिहिणार नसाल तर तेही सांगा. विद्यार्थी संघटनांनी माहितीच्या अधिकारात प्रत्येक करारनाम्याची प्रत आजच मागावी.