सोपाऱ्याचा मुलगा, औरंगाबादचे कॉलेज



आगाशीहून बोळिंजमार्गे सोपाऱ्याला आपले नेहमीचे जाणे-येणे. त्याच सोपाऱ्यात ५ एप्रिल १९२० रोजी एका कोकणी मुस्लिम घरात डॉ. रफिक झकेरिया जन्मले. आपल्या मुलांना त्यांचे नाव माहीत असायला हवे.

जोगेश्वरीच्या इस्माईल युसूफ कॉलेजात ते शिकले. एम.ए.ला मुंबई विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळवले. पुढे लंडनला जाऊन पीएच.डी. केली, बॅरिस्टर झाले. त्याच सुमारास देशाची फाळणी झाली. शिकलेसवरलेले कित्येक मुसलमान पाकिस्तानात गेले. झकेरियांनी मात्र हाच देश आपला मानला.

मराठवाड्याची कहाणी आणखी दुःखाची. तो भाग निजामाच्या राज्यात होता. रझाकारांनी जुलूम केले आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईच्या वेळी त्याची किंमत असंख्य निरपराध मुसलमानांनी मोजली. घरचे कर्ते पुरुष गेले, सरकारी नोकऱ्या गेल्या. ज्या उर्दूत दफ्तर चालायचे, तिच्यावर आता पोट भरेना. माणसे भेदरून घरात बसली.

१९६२ साली झकेरिया औरंगाबादमधून आमदार झाले, मंत्रीही झाले. भाषणे करून मते मिळवणे सोपे होते. त्यांनी १९६३ मध्ये तिथे मौलाना आझाद कॉलेज उभे केले. पुढे त्याच परिसरात हॉटेल व्यवस्थापनासारखे रोजगार देणारे शिक्षण आले, मुलींसाठी वेगळे महाविद्यालय निघाले. पत्नी फातमा झकेरिया यांनी पतीच्या पश्चातही हे काम सांभाळले.

त्यांची सगळीच मते सर्वांना पटली असे नाही. गुजरातच्या दंगलींवर त्यांनी परखडपणे लिहिले, तसेच भारतीय मुसलमानांचे कुठे चुकले, हेही पुस्तक लिहून विचारले. ९ जुलै २००५ रोजी त्यांचे निधन झाले. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

आजही बाहेरचे वातावरण बिघडले की आपण पहिली गोष्ट कोणती करतो? मुलीचे कॉलेज बंद करतो. "जमाना खराब आहे, घरीच बरी," म्हणतो. काळजी खरी आहे, पण उपाय उलटा आहे. वाईट दिवसांत शिक्षण थांबवले तर चांगल्या दिवसांतही आपण मागेच राहू. इक्रा, म्हणजे वाच, हा तर कुरआनचा पहिला आदेश.

या महिन्यात एवढे करा. बारावीनंतर घरी बसलेली मुलगी आपल्या मोहल्ल्यात असेल, तर तिच्या अम्मी-अब्बांना जाऊन भेटा. अडचण फीची असेल तर जमातीत विषय काढा. येण्याजाण्याची असेल तर चार मुलींची सोबत जुळवून द्या.