पेशींची झाडलोट आणि अठराशेची डबी

मंडळी, महिन्यापूर्वी आपल्या गावात एका मंगल कार्यालयात 'आरोग्य शिबिर' झालं. फुकट चहा, फुकट शुगर तपासणी आणि शेवटी अठराशे रुपयांची डबी. म्हणे, कांद्यातला क्वेर्सेटिन नावाचा फ्लेव्होनॉइड आहे, पेशींतला कचरा साफ करतो, नोबेल मिळालंय याला! आमच्या गल्लीतल्या काकांनी डबी घेतली आणि शुगरची गोळी बंद केली. तीन आठवड्यांत शुगर चारशेवर. आता घरी आलेत.

नोबेलचं अर्धंच खरं. ते २०१६ साली जपानच्या योशिनोरी ओसुमींना मिळालं. पेशी स्वतःचेच मोडके भाग पिशवीत बांधते, तोडते आणि त्यातला माल परत वापरते, ती यंत्रणा त्यांनी उलगडली. ऑटोफॅजी म्हणतात तिला. काम केलं यीस्टवर, म्हणजे पाव फुगवणाऱ्या जिवावर. डबीचा तिथे काय संबंध?

फ्लेव्होनॉइडचं संशोधनही खोटं नाही. झाडं ही द्रव्यं कडक उन्हापासून, किडीपासून वाचायला बनवतात. प्रयोगशाळेत ती पेशींवर टाकली की पेशी सावध होतात, बचावाची एन्झाइम वाढवतात, झाडलोटही सुरू करतात. पण काचेच्या बशीत टाकलेला डोस आणि पोटातून रक्तात पोचणारा डोस यांत जमीन-अस्मानाचा फरक. आतडं आणि लिव्हर त्याचं रूपच पालटून टाकतात. शिवाय झाडलोट वाढली म्हणजे चांगलंच, असंही नाही. कॅन्सरची पेशीसुद्धा याच यंत्रणेवर तग धरू शकते. हे शिबिरात कोण सांगणार?

नेदरलँड्समधल्या झुटफेन गावच्या ८०५ वयस्कर पुरुषांचा अभ्यास १९९३ मध्ये छापून आला. फ्लेव्होनॉइड जास्त खाणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू कमी दिसले. (दिसले, त्यामुळेच कमी झाले, असं त्यातून सिद्ध होत नाही.) आणि ती पोटात जात होती कशातून? मुख्यतः चहा, कांदा आणि सफरचंद! आपण मात्र कांद्याचे बाहेरचे लाल पापुद्रे, जिथे क्वेर्सेटिन जास्त असतं, ते सोलून उकिरड्यावर टाकतो आणि डबी विकत घेतो.

अशा डब्यांवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावंच लागतं. काकांच्या डबीवरही आहे, मुंगीएवढ्या अक्षरात. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी शिबिराची जाहिरात छापून आली, आणि लपवत नाही, मी ज्या पेपरला बातम्या देतो त्यातच आली. मी तेव्हा गप्प बसलो.

अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज लिहून ठेवलाय. काकांना पावती दिली नव्हती. तुमच्यापैकी कुणाकडे पावती किंवा त्या भाषणाचा व्हिडिओ असेल तर सोमवारच्या आत इनबॉक्स करा. नाव बाहेर येणार नाही.