मारेकऱ्यामागचा मेंदू

राजकीय हत्येसाठी जगभर रूढ झालेल्या 'असॅसिनेशन' या इंग्रजी शब्दाचं मूळ थेट उत्तर इराणच्या डोंगरांत सापडतं. निझारी इस्माइली पंथाचा नेता हसन-ए-सब्बाह याने १०९० मध्ये तिथला अलमूत किल्ला ताब्यात घेतला. बलाढ्य सेल्जुक साम्राज्याशी मैदानात लढण्याएवढं बळ त्याच्याकडे नव्हतं. म्हणून त्याचे फिदायी, म्हणजे जिवावर उदार झालेले अनुयायी, सत्तेतली नेमकी माणसं टिपू लागले.

१४ ऑक्टोबर १०९२ रोजी सेल्जुकांचा वजीर निझाम-उल-मुल्क पालखीतून निघाला होता. सूफी फकिराच्या वेषातला एक जण अर्ज देण्याच्या मिषाने जवळ आला आणि त्याने वजिराला सुऱ्याने भोसकलं. वजिराचं वजन खुपणाऱ्या खुद्द सुलतानाचीच याला फूस असावी, असा संशय तेव्हाही घेतला गेला. पुढे ११९२ मध्ये टायर शहरात क्रुसेडर सरदार माँफेराचा कॉनराड मारला गेला. त्याचे मारेकरी ख्रिस्ती साधू बनून आले होते.

या पंथाच्या लोकांना त्यांचे विरोधक 'हशीशी' म्हणून हिणवत. हशीश म्हणजे भांग-गांजाच्या जातीची नशा. पुढे मार्को पोलोने तरुणांना गुंगी देऊन स्वर्गासारख्या बागेत नेण्याची कहाणी युरोपभर पोहोचवली. 'असॅसिन'चं मूळ याच हेटाळणीत असल्याचं फ्रेंच विद्वान सिल्व्हेस्त्र द सासी यांनी १८०९ मध्ये दाखवून दिलं. मात्र मारेकरी नशेत असत, याला इस्माइली ग्रंथांत आधार नाही. फरहाद दफ्तरींसारख्या इतिहासकारांनी ही दंतकथा खोडून काढली आहे. वेष पालटून, विश्वास मिळवून, संधीची वाट पाहत राहणं नशेत झिंगलेल्याला जमणारही नाही.

तरीही ही कथा टिकली, कारण ती सोयीची आहे. आपल्याकडे 'माथेफिरूचं कृत्य' हे शब्द तेच काम करतात. मारेकरी वेडा ठरला की कट, पैसा, शस्त्रं आणि त्याला पढवणारे डोकेबाज लोक यांची चौकशी मागे पडते.

सूत्रधारांचा शोध अपुरा राहतो, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर गोळ्या झाडल्या गेल्या. मे २०२४ मध्ये न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली, तिघांना निर्दोष सोडलं. खऱ्या सूत्रधारांपर्यंत तपासयंत्रणा पोहोचू शकल्या नाहीत, हेही न्यायालयाने निकालात नोंदवलं. त्या सूत्रधारांचा शोध घेण्याची मागणी महाराष्ट्राने सोडता कामा नये.