पाटी कोणाच्या दारावर?

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही केंद्रीय गृहखात्याने 20 सप्टेंबर 2018 रोजी सुरू केली. प्रारंभीच तीत 4 लाख 40 हजारांवर नोंदी होत्या; परंतु ती पाहण्याचा अधिकार केवळ पोलीस व तपासयंत्रणांना! अमेरिकेप्रमाणे ही नावे शेजाऱ्यापाजाऱ्यांना का कळू नयेत, असा संतप्त सवाल विचारला जातो. संताप रास्त आहे. उपाय मात्र घातक आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत बलात्काराचा आरोपी दहांपैकी नऊंहून अधिक वेळा पीडितेच्या ओळखीचाच आढळतो. कधी शेजारचा, कधी घरचाच. भोपाळचे अशोका गार्डन असो वा बेळगावचे शहापूर, अशा घराच्या दारावर गुन्हेगाराच्या नावाची पाटी ठोकली, की आतल्या लेकीचे नाव गल्लीला न सांगताच कळते. 2012 च्या पॉक्सो कायद्याने जे नाव झाकले, ते आपणच चव्हाट्यावर मांडणार काय? त्या धास्तीने उद्या कोणती माय तक्रारीस पुढे येईल?

2020 च्या पॉक्सो नियमांनी शाळा व पाळणाघरांतील प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी सक्तीची केली आहे. आपल्या मुलाच्या शाळेत ती झाली काय, हे प्रत्येक पालकाने उद्याच जाऊन विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे!